उसनी करवत

चैत्र लागला की आमच्या सोसायटीमागचा कडुनिंब फुलतो. फुलं इतकी बारीक असतात की ती दिसायच्या आधी त्यांचा वास येतो. गोडसर, आणि त्या गोडाच्या तळाशी किंचित कडू. शेजारपाजारचे लोक खिडक्या उघडून तो वास घरात घेतात. मी मात्र त्या दिवसांत जरा सावध होते. दाराची बेल वाजली की आधी फटीतून बघते. गॅसचा सिलिंडर आला की वजनकाट्यावर चढवायला लावते. आणि कुणी नेहमीपेक्षा गोड बोलायला लागलं की मनात पहिला प्रश्न येतो तो एवढाच, की याला हवंय तरी काय?

हा स्वभाव मूळ बाबांचा. त्यांच्याकडून तो मला नाकाडोळ्यांसारखा आला असं नातेवाईक म्हणतात. पण मला माहीत आहे, तो मला एका उन्हाळ्यात लागला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. बारावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते, दादा पुण्याला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होता, आणि सिडकोतल्या आमच्या रो-हाउसच्या पुढच्या दहा-बारा फुटांच्या अंगणात एक ओंडका येऊन पडला होता.

नाशिकचा उन्हाळा तेव्हा आजच्यासारखा अंगावर येत नसे. सकाळी नळाला पाणी गारच असायचं. दहाच्या पुढे रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायचं आणि अंबडकडून येणाऱ्या वाऱ्याला तापलेल्या लोखंडाचा वास असायचा. बाबा तिथल्याच एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. लोखंडाचा तुकडा नुसता हातात घेऊन ते त्याची जाडी सांगत, आणि मोजून बघितलं तर ती बरोबर निघे. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांना असं एकदा बघून समाधान होत नसे. किराणावाला वजन करताना ते त्याच्या बोटांकडे बघत. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिलं, तेव्हा आतल्या चाकांवर पेन्सिलीनं बारीक खुणा करून मगच दिलं होतं.

ओंडका आला तो एका सकाळी, टेम्पोतून. ड्रायव्हरनं आणि त्याच्या जोडीदारानं दोन फळकुटांवरून तो घरंगळत खाली सोडला, तेव्हा अंगणातली फरशी दणकली. आठ-नऊ फूट लांब, आणि मी मिठी मारली तर माझे हात एकमेकांना लागणार नाहीत इतका जाड. साल काळपट, चिरा पडलेली. ड्रायव्हरनं खिशातून चिठ्ठी काढून दिली. वहीच्या पानावर एकच ओळ होती : ‘आक्काला पाठवलं आहे. दगू.’

दगू म्हणजे दगूमामा, आईचा धाकटा भाऊ. सटाण्याच्या पुढे त्यांचं गाव. माझे आजोबा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. शेती मामाच करायचा. बाबांचं आणि त्याचं कधी भांडण झालेलं नव्हतं, पण फार बोलणंही नव्हतं. बाबा त्याच्याबद्दल बोलायचे ते हातातल्या वस्तूची जाडी तपासावी तसं.

त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं.

“का पाठवलं असेल?” त्यांनी आईला विचारलं.

आई ओसरीत शिवणयंत्रावर बसली होती. ती आमच्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. “घरापुढचा निंब आहे तो,” ती म्हणाली. “वाळला म्हणून तोडला असेल. मला म्हणाला होता, पाठवतो.”

“कधी म्हणाला होता?”

“मागे कधीतरी.”

यंत्राचं चाक पुन्हा फिरू लागलं. बाबा ओंडक्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. मग खाली बसून त्यांनी त्याच्या तोंडावर बोट टेकवलं. लाकूड आतून ओलसर होतं. वाळलेलं झाड असं नसतं. ते मला हळूच म्हणाले, “हिरवं झाड तोडून पाठवलंय. उगाच कोण पाठवतं?”

मला ते पटलं. सतरा-अठराव्या वर्षी मोठ्या माणसानं आपल्याला विश्वासात घेऊन संशय सांगितला की फार बरं वाटतं. त्या दिवसापासून मी बाबांच्या बाजूची झाले. बाजू कशाची होती, तेही तेव्हा माहीत नव्हतं.

आईला त्या लाकडाचं टेबल हवं होतं. कापड बेतायला. ती आजवर जमिनीवर गुडघे टेकून कापड कापायची, आणि उठताना भिंतीला धरून उठायची. टेबल रुंद हवं, जाड हवं, हलता कामा नये, एवढंच ती म्हणाली. म्हणून बाबा एका रविवारी पंचवटीकडच्या एका वखारीत चौकशीला गेले. मीही स्कूटरवर मागे बसून गेले. वखारवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “झाड कुठलं? रानातलं की घरापुढचं?”

“घरापुढचं.”

“मग नाही जमायचं. घरापुढच्या झाडात खिळे असतात, साहेब. एक खिळा लागला की माझं पातं गेलं. जळणासाठी द्यायचं असेल तर आत्ता माणूस पाठवतो.”

बाहेर आल्यावर बाबांनी स्कूटर लगेच सुरू केली नाही. “बघितलंस?” ते म्हणाले. “खिळ्याचं निमित्त करायचं, जळण म्हणून घ्यायचं, आणि मागच्या दारानं फळ्या पाडून विकायच्या. त्यात एक तरी खिळा निघेल तर शपथ.” आणि तिथेच, भर उन्हात, त्यांनी ठरवलं की ओंडका कुठेही जाणार नाही. तो घरीच कापायचा. आपल्या डोळ्यांदेखत.

त्यांना वाटलं होतं की ज्या माणसाची हयात लोखंड कापण्यात गेली, त्याला लाकूड ते काय. मेन रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी एक नवी कोरी हातकरवत आणली. हातभर लांब, लाकडी मुठीची, बारीक दातांची. दात जितके बारीक तितका काप स्वच्छ, हा लोखंडाचा नियम त्यांनी लाकडाला लावला. पहिली दोन बोटं करवत सुरेख गेली. मग तिचा आवाज बदलला. मोकळा खरखर आवाज जाऊन घसा बसल्यासारखा आवाज यायला लागला. दातांमध्ये ओला भुसा पिठासारखा बसला होता. बाबांनी जोर लावला, पातं वाकलं, आणि करवत लाकडात अशी रुतली की पुढेही जाईना आणि मागेही येईना. दोन दिवस ती तिथेच होती. गल्लीतले लोक जाता-येता बघायचे. कुणी हसलं नाही, पण बाबांना प्रत्येक जण हसतोय असंच वाटे. शेवटी त्यांनी पाचर ठोकून ती सोडवली आणि दुकानदारानं मुद्दामच वाईट माल दिला असा निकाल दिला.

दुकानदार मात्र भला होता. करवत परत घ्यायला त्यानं नकार दिला, पण एक पत्ता दिला. जुन्या नाशकात, दूध बाजाराच्या अलीकडच्या बोळात, हाफिजचाचा म्हणून एक म्हातारे करवतींना धार लावतात, त्यांना विचारा.

तो बोळ मला आजही डोळे मिटून आठवतो. उन्हातून आत शिरल्याबरोबर गारवा, कानशीचा किर्र किर्र आवाज, आणि हाताच्या पंजाएवढ्या लांबीपासून पुरुषभर लांबीपर्यंतच्या करवती भिंतीला टांगलेल्या. हाफिजचाचा खाली बसून पायांच्या पकडीत करवत धरून एकेका दातावर कानस फिरवत होते. पांढरी दाढी, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. बाबांनी नेहमीच्या सवयीनं मोघम सुरुवात केली. “एक चांगली करवत पाहिजे होती.”

“करवत चांगली-वाईट नसते, साहेब,” चाचा मान वर न करता म्हणाले. “पहिले लकडी सांगा.”

“निंब.”

“ओला का सुका?”

“ओलाच म्हणायचा.”

“जाडी?”

बाबांनी हातांनी दाखवली. चाचांनी कानस खाली ठेवली. “आडवा तोडायचाय का उभा फाडायचाय?”

बाबा भिंतीवरच्या करवतींकडे बघू लागले. हा प्रश्न त्यांना माहीतच नव्हता. तेव्हा चाचांनी दोन करवती काढून आमच्यासमोर आडव्या ठेवल्या आणि माझ्याकडे बघून, जणू शिकायला मीच आलेय अशा थाटात, समजावलं. एकीचे दात सुरीच्या टोकासारखे होते. लाकडाचे धागे आडवे तोडायचे तर टोक लागतं. दुसरीचे दात पटाशीसारखे सपाट होते. धाग्यांच्या दिशेनं उभं फाडायचं तर खरवडत जावं लागतं. “आणि ही जागा बघ, बेटा,” दोन दातांमधल्या खाचेवर त्यांनी अंगठा ठेवला. “लोक दात बघतात. मी ही जागा बघतो. लकडी जाड असली की भुसा जास्त. ओली असली की भुसा चिकट. तो बसणार कुठं? जागा नसली की करवत फसली.”

मग ते बाबांना म्हणाले, की पातं लाकडाच्या जाडीच्या निदान दुप्पट लांब हवं, नाहीतर हात हलायलाच वाव राहत नाही. आणि दात एकाआड एक डावी-उजवीकडे कललेले हवेत. ओल्या लाकडाला जरा जास्तच. म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि लाकूड करवतीला आवळत नाही. बाबा ऐकत होते. कारखान्यात ते कुणाचं असं ऐकून घेत असतील असं मला वाटत नाही. पण डोळे बारीक होते. हा माणूस एवढं का सांगतोय, ते शोधत होते.

चाचांनी भिंतीवरची एक लांब, दोन मुठींची करवत उतरवली. मोठे दात, पोट बाहेर आलेलं पातं. “ही घेऊन जा. आधी आडवे दोन तुकडे करा. फळ्या फाडायचं नंतर बघू.”

“केवढ्याला?”

“विकायची नाही. माझ्या वालिदची आहे. काम झालं की आणून द्या.”

“डिपॉझिट?”

चाचा हसले. “करवत घेऊन कुठं जाणार तुम्ही? लकडी तर घरी पडलीये.”

परत येताना मी मागच्या सीटवर ती करवत गोणपाटात गुंडाळून मांडीवर आडवी धरली होती. बाबा सिग्नलला मान वळवून म्हणाले, “पत्तासुद्धा विचारला नाही त्यानं.” चोरीला गेल्याची तक्रार करावी तशा आवाजात म्हणाले.

दोन मुठींच्या करवतीला दोन माणसं लागतात. हे उघड होतं, पण बाबांना ते घरी आल्यावर जाणवलं. दुसरी मूठ कुणाच्या हातात द्यायची? शेजारचे काका येतो म्हणाले, तर बाबांना वाटलं, उद्या हा जिना बांधायला आपली भिंत मागेल. कारखान्यातल्या एकानं तयारी दाखवली, तर तो बढतीच्या यादीत बाबांच्या खाली होता. मी विचारलं, मी धरू का? त्यांनी नुसतं माझ्या मनगटाकडे बघितलं. आठवडाभर करवत दिवाणाखाली पडून राहिली. आई रोज संध्याकाळी ओंडक्यावर पाणी शिंपडायची, उन्हानं तो तडकू नये म्हणून. पाणी पडलं की निंबाचा कडवट वास उठायचा आणि ती थोडा वेळ तिथेच उभी राहायची.

आखाजी चार दिवसांवर आली होती. अक्षय्यतृतीयेला आमच्या इथे फक्त आमरस असतो. पण आईच्या माहेरी ती लेकींची. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आईला न्यायला दगूमामा आला. सकाळच्या एसटीनं, हातात कैऱ्यांची पिशवी. उंच, सुकलेला, उन्हानं रापलेला. अंगणात ओंडका अजून तसाच बघून तो थबकला.

“दाजी, अजून कापलं नाय?”

“दुसरा माणूस नाही,” बाबा म्हणाले.

“मी शे ना!” असं म्हणत त्यानं तिथेच सदरा काढला आणि माझ्या हातात दिला. “खुंटीला लाव, माय.”

तो सदरा खुंटीला लावताना माझ्या बोटांना खिशातलं काहीतरी कडक लागलं. चार घड्या घातलेला जाड कागद. मी तो बघायला नको होता. आजही वाटतं, नको होता. पण गेले तीन आठवडे मी बाबांबरोबर संशय घेत होते, आणि संशयाला एकदा पुरावा हवासा वाटला की हात आपोआप चालतो. मी आत जाऊन तो उलगडला. स्टॅम्पपेपर होता. त्यावर टाइप केलेल्या ओळींमध्ये आईचं पूर्ण नाव होतं, गट नंबर होता, आणि वर मोठ्या अक्षरात ‘हक्कसोडपत्र’.

कागद पुन्हा घडी करून मी जागेवर ठेवला आणि अंगणात जाऊन बाबांच्या कानाशी लागले. आजोबांच्या जमिनीतला आईचा वाटा सोडून दिल्याचा तो कागद आहे, एवढं मलाही कळलं होतं. मला वाटलं, आता बाबांचा स्फोट होईल. ते फक्त म्हणाले, “आधी लाकूड होऊ दे.” आणि त्यांनी आपल्या बाजूची मूठ धरली.

करवत चालू झाली. चाचांनी सांगितलं होतं तसा भुसा खाचांमधून मोकळा बाहेर पडत होता, ओला, पिवळसर, आणि नाकात झोंबणारा. मोठा छान आवाज होता तो. पण बाबा आपल्या बाजूनं ओढून झालं की पात्याला पुढे लोटत होते, आणि पातं मधे थरथरत होतं.

“दाजी, लोटू नका,” मामा म्हणाला. “तुमी नुसतं वढा. मंग मी वढतो. लोटायचं नाय कुनीच.”

बाबा अधिकच जोरात ओढायला लागले. त्यांच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसत होती. मामाला वाटलं दाजींना चेव चढलाय, तोही उत्साहानं ओढू लागला. अर्धा ओंडका कापून झाला असेल. आणि मग आवाज झाला. लाकडाचा नव्हे. कारखान्याजवळून जाताना येतो तसा, दात शिवशिवतील असा. करवत जागीच थांबली. बाबांनी ती वर उचलली तर सलग पाच दात गेलेले.

“काय व्हयनं?” मामा वाकला.

कापाच्या तळाशी, लाकडाच्या पोटात, काळं लोखंड चमकत होतं. अंगठ्याएवढ्या जाडीचा खिळा. भोवतीचं लाकूड निळसर काळं पडलेलं.

बाबा सरळ उभे राहिले. “लोखंड घातलेलं लाकूड पाठवलंस,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. “बहिणीला भुलवायला. आणि खिशात काय आणलंयस ते पण काढ. तिच्या सहीसाठी आणलेलं.”

मामानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त ओशाळला, आणि त्याच्या उघड्या, भुसा चिकटलेल्या खांद्यांवरून मला ते कळलं. “दाजी, मी...” त्यानं सुरुवात केली, पण तेवढ्यात आई बाहेर आली.

ती सरळ ओंडक्यापाशी गेली, खाली बसली, आणि कापात बोट घालून तिनं खिळा चाचपला. “कंदिलाचा आहे,” ती म्हणाली. “आमच्या बाबांनी ठोकला होता. सातवीच्या परीक्षेला मी निंबाखाली अभ्यास करायची, तेव्हा. झाडानं पोटात घेतला वाटतं.” मग तिथेच बसल्या बसल्या, मान वर करून ती माझ्या बाबांना म्हणाली, “त्याला काही बोलू नका. कागद मी मागवलाय.”

“तू?”

“हो, मी. आखाजीला येईन तेव्हा सही करीन, असं मीच त्याला कळवलं होतं. बदल्यात निंब मागितला होता.”

मग ती सांगत राहिली, नेहमीच्या, ब्लाउजचं माप सांगावं तशा आवाजात. गावात सगळ्या बहिणी सह्या करतात. त्यांना त्या दिवशी साडी मिळते आणि पुरणाचं जेवण. मोठ्या आत्यानं केली, काकूच्या मुलींनी केली. “मलाही आज ना उद्या करायलाच लागली असती. मी म्हटलं, मला साडी नको. झाड दे. ते तरी माझं होतं.”

“मला का नाही सांगितलंस?” बाबांनी विचारलं.

“सांगितलं असतं तर तुम्ही टेप घेऊन जमीन मोजायला गेला असता,” आई म्हणाली. “आणि माझं माहेर मोडलं असतं.”

तीन आठवडे बाबांनी वखारवाल्यावर संशय घेतला, दुकानदारावर घेतला, चाचांवर, शेजाऱ्यावर, मामावर. वखारवाला त्याच्या परीनं खरंच बोलत होता. आणि जिच्यावर कधी घेतलाच नाही, जी यंत्र चालवत शांतपणे ‘मागे कधीतरी’ म्हणाली होती, तिनं सगळा व्यवहार परस्पर ठरवून टाकला होता. बाबांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी राग नव्हता. मोजमाप चुकलेल्या कारागिराचा चेहरा असतो, तसा होता तो. ते मूठ सोडून आत गेले.

आई दुसऱ्या दिवशी मामाबरोबर गेली. जाताना मामानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात जड वाटला. आईनं आखाजी केली, ज्या दिवशी कचेरी उघडली त्या दिवशी सही केली, आणि आठवड्यानं परत आली. दरम्यान घरात बाबा आणि मीच. ते माझ्याशीही फार बोलत नव्हते. मी चहा करून द्यायचे आणि आम्ही दोघं अर्धवट कापलेल्या ओंडक्याकडे बघत प्यायचो. बाबांना मी पुरावा आणून दिला होता, आणि तो खराही होता. पण घरात कुणालाच त्याचा उपयोग झाला नव्हता.

करवत परत द्यायला बाबा मला घेऊनच गेले. एकट्यानं जायला त्यांना धीर होत नसावा. त्यांनी गोणपाट उलगडलं आणि तुटलेल्या दातांवर बोट ठेवलं. “खिळा लागला. भरपाई सांगा.”

हाफिजचाचांनी चष्मा नीट करून पातं उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “निंब अंगणातला होता ना? मी विचारायला पाहिजे होतं. लकडी विचारली, जाडी विचारली, कुठल्या जागचा ते नाही विचारलं. गलती माझी पण आहे.”

बाबा खाली बसले. गर्दीच्या त्या बोळात, मशिनच्या तेलानं डाग पडलेल्या आपल्या पँटनिशी, सरळ जमिनीवर बसले, आणि चाचा एकेक नवा दात पाडत होते ते बघत राहिले. तासाभरानं त्यांनी विचारलं, “फळ्या फाडायला तुम्ही याल का?” आणि चाचा आले. तो खिळा पटाशीनं कोरून काढला, उरलेला काप पूर्ण केला, आणि मग सपाट दातांची करवत घेऊन सलग पाच सकाळी, ऊन चढायच्या आत, दोघांनी मिळून फळ्या फाडल्या. बाबांनी लोटायचं सोडलं होतं. नुसतं ओढत होते, आणि समोरच्याची पाळी आली की हात सैल सोडत होते. पण काम संपलं की करवतीचे दात मोजायचे मात्र ते विसरले नाहीत. चाचांनी ते पाहिलं होतं.

टेबल झालं. आईनं त्यावर कापड पसरलं आणि पहिल्यांदाच उभ्यानं कात्री चालवली. बाबा पुढे म्हणता म्हणता पुन्हा पहिल्यासारखे झाले. फक्त आईनं ‘मागे कधीतरी’ असं काही म्हटलं की ते वर्तमानपत्रावरून तिच्याकडे क्षणभर बघत. तो संशय होता की आदर, मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मग नवं शतक आलं. मामाच्या गावाजवळून मोठा रस्ता गेला, डाळिंबाच्या बागा झाल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला असं लोक म्हणू लागले. मामा दर आखाजीला आईला न्यायला येत राहिला, ते खरं. पण त्याच्या सिमेंटच्या नव्या घराचे फोटो आई बघत असली की मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. काही सापडायचं नाही. एकदा विचारलंच, “पस्तावतेस का?” तर म्हणाली, “टेबल चांगलं आहे.” उत्तर होतं की नाही, कोण जाणे.

बाबा गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात दादा पुण्याहून आला. माझं लग्न झालं होतं, मी गंगापूर रोडला राहत होते, त्या दिवशी आईकडे आले होते. दादाला रो-हाउसवर मजला चढवायचा होता. जेवणं झाल्यावर त्यानं बॅगेतून फाईल काढली. “तायडे, इथे सही लागेल तुझी. आईची पण. घर एका नावावर असलं की कर्जाला सोपं जातं. नुसती फॉर्मॅलिटी आहे.”

खूप प्रेमानं म्हणाला तो. मला आतून बाबा जागे झालेले कळले.

“ठेवून जा,” मी म्हटलं. “वाचून सांगते.”

“माझ्यावर संशय आहे तुझा?”

मामाचे ते ओशाळलेले खांदे माझ्या डोळ्यांसमोर आले. एकदा मी कागद चोरून वाचला होता, त्याची लाज अजून होती. या वेळी मला तो समोरासमोर वाचायचा होता. “आहे की नाही ते वाचल्यावर सांगते,” मी म्हटलं.

दादा दुखावला. ती सही मी केली नाही. घर तिघांच्या नावावर राहिलं, मजला चढलाच नाही. त्या दिवाळीला दादा आला नाही, भाऊबीजेला नुसता फोन केला. पुढच्या वर्षी आला, आणि आता येतो. पूर्वीसारखं हसतो, फक्त माझ्यासमोर कागदांचा विषय काढत नाही. हे असंच राहील. मी ते मान्य केलं आहे.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. मी ‘वाचून सांगते’ म्हटलं, दादा फाईल तशीच टाकून बाहेर निघून गेला. खोलीत आई आणि मी. मला वाटलं, आई आता रागावेल. माहेर जपायला जिनं आपला हिस्सा सोडला, ती बाई भावाशी असं वागल्याबद्दल मला काय म्हणेल?

आई पंख्याकडे बघत होती. मग म्हणाली, “मी तो कागद वाचला नव्हता. दगूचा. सातवी शिकलेली होते, वाचता आला असता. सगळे समोर उभे होते, वाचायला लाज वाटली.”

तिनं फाईल आपल्याकडे ओढली.

“माझा चष्मा दे,” ती म्हणाली. आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून, एकेक शब्द पुटपुटत, ती वाचायला लागली.